ओहोटीला दोघं

एरिनने लिफाफा उघडण्याआधी हात धुतले. शाळेच्या स्वच्छतागृहातला पातळ गुलाबी साबण दोनदा लावूनही करंदीचा, त्या बारीक कोळंबीचा, वास गेला नाही. पहाटेपासून ती बापाबरोबर ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर होती. जाळी ओढून झाली, ट्रॅक्टर किनाऱ्याला लागला, करंदी उकळून पसरली, आणि मग आंघोळीला वेळ उरला नाही. नखांच्या कडांना अजून मीठ होतं. तिने हात विजारीला पुसले, लिफाफ्याची कड फाडली आणि आतला कागद खिडकीखाली उजेडात धरला.

रसायनशास्त्र, ए-स्टार. गणित, ए. भूगोल, ए.

तिने कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. कोरा होता. मग वरचं नाव वाचलं, परीक्षा क्रमांक वाचला, खिशातून ओळखपत्र काढलं आणि एकेक आकडा बोटाखाली धरून ताडून पाहिला. चारही आकडे जुळले. तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून जुळवले.

सभागृहात गर्दी पांगायला लागली होती. दाराशी ऑस्कर उभा होता, दोन वर्षं प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलेला.

"रडून आलीस का?"

"हात धुऊन आले."

"मग वाया गेलं पाणी. इथपर्यंत येतोय वास." त्याने आपला कागद तिच्यासमोर फडकवला. "मला सी. मिसने सी लिहिला होता, सीच आला. बाई आहे की वजनकाटा. निदान एखाद्या वेळी तरी चुकावं माणसाने."

"चुकल्यात," एरिन म्हणाली.

त्याने तिच्या हातातला कागद वाचला, आणि एकदम गंभीर होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग बाजूला झाला आणि तिला वाट दिली.

मिस ब्रॉकबँक कोपऱ्यातल्या टेबलामागे बसल्या होत्या. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि वरच्या दोन वर्गांचं सगळं त्यांच्याकडे होतं. दर शरद ऋतूत प्रत्येक मुलाला शेवटी कोणती श्रेणी मिळेल याचा अंदाज विद्यापीठांना कळवायचा, तो त्यांच्या सहीने जायचा. विद्यापीठं जागा देऊ करत ती त्या अंदाजावर. खरी परीक्षा त्यानंतर सात महिन्यांनी. एरिनचा अंदाज गेला होता एक ए आणि दोन बी. साउदॅम्प्टनला समुद्रविज्ञानासाठी दोन ए लागत होते. एका अक्षराने कमी पडत होतं. तिने तिथे अर्जच केला नाही. लँकेस्टरची जागा घेतली, भूगोलाची. घराजवळच्या कार्क स्टेशनवरून आगगाडीने अर्धा-पाऊण तास, घरी राहून करता येण्यासारखी. तेव्हा तिला फार वाईटही वाटलं नव्हतं. वजनकाट्याशी कोण भांडतं?

आणि घरी राहायला कारण होतं. आदल्या सप्टेंबरात लेनकाकाचं खुब्याचं हाड बदललं. काका आणि बाबा तीस वर्षं एकाच ट्रॅक्टरवर वाळूवर जात होते. आजोबांच्या वेळेपासून घरात एकच नियम होता: ओहोटीला दोघं जायचं. वाळू कालची आज नसते. चाक रुतलं तर एकाने खणायचं आणि दुसऱ्याने पाण्याकडे बघायचं. काका घरी बसला तेव्हापासून त्या दोघांतली दुसरी एरिन होती. चाकावरच्या पत्र्यावर पोत्याची घडी टाकून ती बसायची.

मिसनी तिचा कागद घेतला, वाचला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बस."

एरिन बसली.

"लँकेस्टरचं काय झालं?"

"जागा पक्की झाली. सकाळी फोनवर आलं."

"हं." मिसनी कागदाची घडी सरळ केली. "आणि साउदॅम्प्टन?"

एरिनने वर पाहिलं. ते नाव तिने वर्षभरात कुणापुढे घेतलं नव्हतं.

"तिथं मी अर्जच केला नव्हता, मिस."

"ठाऊक आहे मला. आज सकाळी त्यांच्या उरलेल्या जागांच्या यादीत जागा होत्या. आठ वाजता पाहिल्यात मी." त्यांनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "तू बोलायचंस. मी शेजारी बसते. माझ्याकडे काही मागितलं तर देईन."

बावीस मिनिटं फोनवर नुसतं संगीत वाजत होतं. मग एका बाईचा आवाज आला, थकलेला पण नीट. तिने नाव विचारलं, श्रेणी विचारल्या, मग विचारलं की समुद्रच का.

एरिन म्हणाली, "आमच्या इथे पाणी रोज पाच-सहा मैल मागे जातं आणि परत येतं. जाताना एका वाटेने जातं, येताना दुसऱ्या. मी आठ वर्षांची असल्यापासून वहीत लिहून ठेवते, कुठली वाट किती दिवस टिकली ते. मला अजून त्यातला नियम सापडलेला नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज थांबला.

"किती वर्षांच्या नोंदी आहेत?"

"दहा. मधे दोन महिने नाहीत, हात मोडला होता."

बाईने मग आधीच्या वर्षाचे सराव परीक्षेचे गुण मागितले. मिसनी खणातून आपली वही काढली, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, आणि फोन हातात घेऊन आकडे वाचून दाखवले. अगदी सावकाश वाचले. शेवटी म्हणाल्या, "हो, माझा अंदाज कमी होता. हो. माझ्या नावावर लिहा तसं."

फोन परत एरिनकडे आला. जागा दुपारी दोनपर्यंत तिच्या नावाने धरून ठेवतील. पण त्याआधी तिने स्वतः लँकेस्टरची जागा सोडायला हवी. सोडल्याशिवाय नवी मागता येत नाही, आणि एकदा सोडली की परत मिळायची खात्री नाही. बाईने हे दोनदा सांगितलं. एरिनने तळहातावर नवा क्रमांक लिहून घेतला, कारण कागदाची पाठ खराब करावीशी वाटेना.

फोन ठेवल्यावर मिसनी हिरवी वही उघडी असतानाच फिरवली, एरिनला सरळ वाचता येईल अशी, आणि उठल्या.

"चहा आणते. तुला?"

"नको, मिस."

त्या गेल्या. एरिनने वहीकडे पाहिलं. एका पानावर तेवीस नावं, प्रत्येकापुढे जूनच्या परीक्षेचे गुण आणि त्यापुढे अंदाज, निळ्या शाईत. वर तारीख एकच: अठ्ठावीस सप्टेंबर. कुठे बदल केला असेल तर मिस शेजारी नवी तारीख टाकायच्या. वर्गात प्रयोगाच्या वहीतही त्या हेच करायला लावायच्या. पानावर बदल एकच होता. तिच्याच नावापुढे, आडनाव आधी: फेल, एरिन. गुण अडुसष्ट. पुढे निळ्या शाईत बी. त्या बीखाली कागद थोडा खरवडलेला होता, आणि पान तिरपं धरलं की आधीच्या ए-ची चर दिसत होती. शेजारी बारीक अक्षरात: १७ ऑक्टो.

तिने पान परत सपाट ठेवलं.

सतरा ऑक्टोबर तिला आठवत होता. ती त्या संध्याकाळी घरी करंदी सोलत बसली होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा होता, आणि बाबा एकटाच पालकसभेला गेला होता. जाताना त्याने काळा कोट घातला होता, जो तो फक्त कुणाच्या अंत्यविधीला घालायचा. आईचं बॅरोला दुसरं घर झाल्याला सहा वर्षं झाली होती; शाळेच्या सगळ्या सभांना तोच जायचा, पण आजवर कधी कोट घातला नव्हता. परत आला तेव्हा तिने विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, सगळं ठीक आहे म्हणाल्या. आणि कोट न काढता बराच वेळ तिच्यासमोर बसून करंदी सोलत राहिला.

मिस कप घेऊन आल्या. बसल्या. चहाला तोंड लावलं नाही.

"ए-ची रेघ सत्तरला होती," त्या म्हणाल्या. "तुला दोन गुण कमी होते. ए लिहिता आला असता, बीही. मी बी लिहिला. चूक माझी."

"सतराला पालकसभा होती, मिस."

"होती."

"बाबा आले होते."

"त्या दिवशी माझ्याकडे एकेचाळीस पालक आले, एरिन." मिसनी वही आपल्याकडे ओढली आणि मिटली. "प्रत्येकाला काही ना काही हवं असतं. पेन माझ्या हातात होतं."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. एरिन उठली. तिला अजून काही विचारायचं होतं, पण ते या टेबलावर विचारायचं नव्हतं.

"दोनपर्यंत वेळ आहे," मिस म्हणाल्या. "मी इथेच आहे."

व्हॅन शाळेच्या भिंतीला लागून उभी होती, खिडक्या उघड्या. तिचा बाप, कीथ फेल, पुढच्या सीटवर बसून रेडिओवर हवामान ऐकत होता. एरिन आत बसली आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने समोरच्या कप्प्यातून चष्मा काढला. चष्म्याच्या एका काडीला जाळी शिवायचा दोरा गुंडाळलेला होता. कागद त्याने वरपासून खालपर्यंत वाचला, तिचं नाव आणि शाळेचा पत्तासुद्धा.

"हे चांगलं आहे ना?"

"हो."

"हा तारा म्हणजे ए-च्या वर?"

"वर."

"मग तर चांगलंच झालं, पोरी." त्याने कागद आधीच्याच घडीवर मिटला. "लेनला सांगू या. तो सकाळपासून खिडकीत बसला असेल."

"थांब जरा, बाबा."

तो थांबला. तिने सांगितलं: साउदॅम्प्टन, फोन, दोन वाजेपर्यंतची मुदत, आधी लँकेस्टर सोडावं लागेल ते. तळहात उघडून क्रमांक दाखवला. तो त्या आकड्यांकडे बघत राहिला.

"किती लांब?"

"गाडीने साडेपाच तास."

"समुद्र आहे तिथे."

"बंदर आहे. मोठी जहाजं लागतात."

"मग वाळू नसेल," तो म्हणाला.

रेडिओवरची बाई आयर्लंडच्या बाजूचे वारे सांगत होती. एरिनने हात मांडीखाली घेतले.

"मी गेले तर तू एकटा जाशील का?"

"नाही."

तो लगेच म्हणाला, समोर बघत. एरिनला फेब्रुवारी आठवला. तिला ताप होता. पाच वाजता दार वाजलं, आणि ती पांघरूण घेऊन खिडकीशी गेली तेव्हा ट्रॅक्टरचा दिवा एकटाच बाहेर चालला होता. ती दोन तास चाळीस मिनिटं खिडकीत उभी होती. परत आल्यावर तो म्हणाला होता, लांब गेलो नव्हतो, इथेच होतो काठाला. दिवा किती लांब गेला ते तिने पाहिलं होतं.

पाणी उतरलं आणि अनोळखी भाग आला की तो ट्रॅक्टर थांबवायचा, खाली उतरायचा आणि हातातली काठी वाळूत रोवायचा. बोलायचा नाही. काठीभोवती पाणी चढतं का ते बघत उभा राहायचा, कधी पूर्ण एक मिनिट. लहानपणी ती विचारायची, कळलं का? तो म्हणायचा, मी वाळूला विचारलंय, आता तिला उत्तर देऊ दे.

"मिस म्हणाल्या, चूक त्यांची होती," एरिन म्हणाली. "बी लिहिला ती."

आणि ती गप्प बसली.

त्याचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला. आवाज बंद झाला. शाळेच्या दारातून दोन मुली हसत बाहेर आल्या, एकीने दुसरीला उचललं, मग दोघीही रस्त्याकडे गेल्या.

"असं म्हणाल्या?"

"हो."

"त्यांची चूक."

"दोन गुण कमी होते म्हणाल्या. दुसरं काही नाही म्हणाल्या."

त्याने चष्मा काढला आणि काडीवरचा दोरा अंगठ्याने दाबून पाहिला, सुटतोय का म्हणून. सुटत नव्हता. चष्मा त्याने कप्प्यात ठेवला, कप्पा बंद केला, परत उघडला, चष्मा नीट ठेवला आणि बंद केला.

"संध्याकाळची ओहोटी किती वाजता?"

"सहा पाच."

"येशील?"

"आज येईन."

त्याने मान हलवली. मग टोपी डोक्यावरून काढली, दार उघडलं आणि खाली उतरला. एरिनला वाटलं, पाय मोकळे करायला गेला असेल. तिच्यासमोर बसवत नसलं की तो असाच व्हॅनला एक फेरी मारायचा. पण तो भिंतीच्या कडेने सरळ शाळेच्या दाराकडे गेला. पायपुसणीवर त्याने बूट पुसले, एकदा, मग पुन्हा. सकाळची वाळू होती त्यांवर. तो आत गेला.

सभागृहाला बाहेरच्या बाजूने जमिनीपर्यंत काच होती. एरिनला व्हॅनमधून टेबल दिसत होतं, मिस दिसत होत्या आणि टेबलासमोरची रांग दिसत होती. सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, प्रत्येकाच्या हातात कागद. सगळ्यात शेवटी तिचा बाप जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात टोपी होती.

रांगेत त्याच्या पुढे ऑस्कर होता. तो मागे वळून काहीतरी म्हणाला आणि बाजूला सरकून पुढे जायला वाट देऊ लागला. कीथने मान हलवली, नाही. ऑस्करने दुसऱ्यांदा वाट दिली. कीथने त्याच्या पाठीला हात लावून त्याला परत जागेवर उभं केलं.

मिसनी वर पाहिलं. त्यांना तो दिसला. टेबलाचा आधार घेऊन त्या अर्धवट उठल्या. कीथने टोपीचा हात थोडा वर केला, बसा, आणि जागचा हलला नाही. त्या बसल्या. समोरच्या मुलीचा कागद त्यांनी परत हातात घेतला.

एरिनने फोन काढला. पडद्यावर लँकेस्टरची जागा होती, अभिनंदन म्हणून, खाली फुग्यांचं चित्र. त्याखाली बारीक अक्षरात जागा सोडण्याचं बटण होतं. तिने ते दाबलं. मग प्रश्न आला: नक्की? हे परत घेता येणार नाही.

तिने आत पाहिलं. रांग एका पावलाने पुढे सरकली. तोही एक पाऊल पुढे सरकला.

तिने दाबलं.

फुगे गेले. पडदा पांढरा झाला आणि मग नव्या क्रमांकासाठी रिकामी चौकट आली. तळहात घामाने ओला झाला होता, शेवटचे दोन आकडे पसरले होते, पण वाचता येत होते. तिने एकेक आकडा टाकला, प्रत्येक वेळी हाताकडे बघून. सगळे टाकून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा जुळवले.

आत त्याच्या पुढे अजून दोघं होते.